मिस्टरांना मणक्याचा टीबी, ९१ दिवसांनंतर ईएसआयचे पैसे खरंच बंद होतात का?

रामबागची_सून
नमस्कार मंडळी, कुणाला नक्की माहिती असेल तर प्लीज सांगा. माझे मिस्टर इंदूरला सांवेर रोडवर एका पॅकेजिंग युनिटमध्ये मशीनवर आहेत, तीन वर्षं होऊन गेली, पगार १७,००० आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कटतो. जानेवारीत कंबर दुखते म्हणून सुरू झालं, एमआरआय काढला तर मणक्याचा टीबी निघाला, डॉक्टर म्हणतात औषध वर्षभर तरी चालणार आणि वजन उचलायचं नाव काढू नका. नंदानगरच्या बीमा अस्पतालमधून (ईएसआयच्या दवाखान्यातून) आजारपणाचं सर्टिफिकेट घेतोय, पैसे खात्यात आले पण पगारापेक्षा बरेच कमी, आणि आता तिथल्या लाइनीत कुणी म्हणालं की ९१ दिवस झाले की विषय संपला. वरून सुपरवायझर सारखा फोन करतोय की राजीनामा देऊन टाका, पीएफ निघेल, बरे झाले की परत घेऊ. घरात कमावणारे हे एकटेच, मुलगी आठवीत, मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

पीथमपूर_पेरोल
वहिनी, आधी एकच सांगतो, राजीनाम्यावर सही करू देऊ नका. सिकनेस बेनिफिट (आजारपणात ईएसआयकडून मिळणारे पैसे) चालू असताना मालकाने कामगाराला काढू नये असं १९४८च्या ईएसआय कायद्यातच घातलेलं होतं (२०२५ च्या नोव्हेंबरपासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय), त्यामुळे त्यांना सहजासहजी काढता येत नाही आणि म्हणून ते तुमच्याकडूनच लिहून मागत असतील. आणि पीएफसाठी नोकरी सोडायची गरजच नाही, आजारपणासाठी अ‍ॅडव्हान्स मिळतो आणि तो परत भरावा लागत नाही.

आता पैशांचं. साधा सिकनेस बेनिफिट सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के असतो, म्हणजे १७,००० वर साधारण १२,००० च्या आत महिन्याला, आणि पहिले दोन दिवस धरत नाहीत, म्हणून तुम्हाला कमी दिसले. तो ९१ दिवस हे बरोबर आहे, पण ते लागोपाठच्या दोन बेनिफिट पिरियडमध्ये (सहा-सहा महिन्यांचे असतात, जानेवारी आणि जुलैपासून) मिळून, त्यामुळे जुलैत नवे ९१ सुरू होतील असं कुणी सांगितलं तर त्या भरवशावर राहू नका.

पण टीबीला विषय तिथे संपत नाही! ३४ मोठ्या आजारांची यादी आहे, टीबी, कॅन्सर, किडनी फेल, लकवा वगैरे, त्यांना ९१ नंतर एक्सटेंडेड सिकनेस बेनिफिट मिळतो, तो ८० टक्के, म्हणजे आतापेक्षा जास्तच, १३,६०० च्या आसपास, आणि तो मेडिकल बोर्डाच्या शिफारशीने वाढत वाढत जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. अट अशी की आजार सुरू झाला तेव्हा सलग दोन वर्षं ईएसआयमधली नोकरी झालेली हवी आणि आधीच्या चार कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये (तेही सहा-सहा महिन्यांचे) मिळून १५६ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे ईएसआयचा भरणा, हवं. तीन वर्षं सलग असतील तर बसतं, फक्त कंपनीने खरंच भरलंय का ते बघा. पगाराच्या स्लिपवर १२८ रुपये कटलेले दिसतील (०.७५ टक्के), पण कटणं वेगळं आणि जमा होणं वेगळं, ईएसआयसीच्या साइटवर इन्शुरन्स नंबरने लॉगिन करून महिन्यामहिन्याचं तपासा.

नंदानगर_मावशी
बाळा घाबरू नकोस. माझ्या भावाचं किडनीचं असंच केलं होतं आम्ही, म्हणून सांगते. हे पैसे आपोआप सुरू होत नाहीत. डॉक्टरांनी आजाराचं पूर्ण नाव लिहायला हवं, नुसतं 'कंबरदुखी' लिहिलेल्या पर्चीवर (सर्टिफिकेटवर) काही होत नाही, 'मणक्याचा टीबी' असं हवं, सोबत एमआरआय आणि औषध कधी सुरू झालं त्याचा कागद. ९१ संपायच्या आतच तिथल्या डॉक्टरांना सांगून केस पुढे पाठवायला लाव.

आणि पर्चीकडे नीट बघत जा गं. पहिली फर्स्ट असते, मग इंटरमिजिएट, आणि शेवटची फायनल, त्यात कामावर जायला फिट म्हणून तारीख असते. घाईत कुणी चुकून फायनल लिहिलं तर खिडकीवरून हलायच्या आधीच दुरुस्त करून घे. दोन पर्च्यांच्या तारखांमध्ये एक दिवसही मोकळा राहू देऊ नकोस, त्या दिवसांचे पैसे अडकतात आणि मग चकरा मारत बसावं लागतं.

रामबागची_सून
मावशी, दादा, खूप खूप आभार, कुणी इतकं समजावून सांगितलंच नव्हतं. आत्ता पर्च्या काढून बघितल्या, सगळ्यांवर 'लो बॅक पेन' लिहिलंय, टीबी कुठेच नाही. एमआरआय बाहेर केला होता आणि टीबीचं औषधही आधी बाहेरच्याच डॉक्टरांकडून सुरू केलं, म्हणून असेल का?

पीथमपूर_पेरोल
हो, तेच झालं असणार. बाहेरचे कागद पुरावा म्हणून देता येतात पण ते मान्य करणं त्यांच्या हातात असतं, म्हणून बाहेरचा एमआरआय आणि औषधाची फाइल घेऊन तिथल्याच डॉक्टरांना दाखवा आणि पुढच्या पर्चीवर आजार नीट लिहून घ्या. आणि यांचं नाव निक्षयमध्ये (सरकारची टीबी पेशंटची नोंद) चढलंय का? खाजगी डॉक्टरांकडे असलं तरी नोंद होते. निक्षय पोषणचे (टीबी पेशंटच्या खाण्यापिण्यासाठी) महिन्याला १,००० रुपये सरळ खात्यात येतात, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ५०० चे १,००० केलेत, आणि ते ईएसआयपेक्षा वेगळे, दोन्ही मिळतात.

रामबागची_सून
निक्षयचं माहीतच नव्हतं, ते पण विचारते. सोमवारी फाइल घेऊन मी स्वतः यांच्याबरोबर जातेय. सुपरवायझरचा फोन आला तर काय बोलू?

नंदानगर_मावशी
सांग की इलाज चालू आहे, सर्टिफिकेट जमा आहे, बाकी जे काय असेल ते लिहून पाठवा. फोनवर हो-नाही काहीच बोलू नकोस.