लेबनॉनच्या रचनाकारांचं पियानो संगीत: पाव सूर आणि नोटेशनसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या पियानोच्या बाईंकडे घरगुती बैठक आहे. माझ्या वाट्याला वीस मिनिटं आलीत आणि ती सगळी मला लेबनॉनच्या संगीताला द्यायची आहेत.

निमित्त तात्याना प्रिमाक-खूरी या पियानोवादिकेच्या सीडीचं. जॉर्ज बाझ, अनीस फुलेहान, बोघोस जलालियान, तौफीक सुक्कर आणि हुताफ खूरी, असे पाच रचनाकार तिच्यात एकत्र भेटतात. वर्षभर ऐकतेय, अजून मन भरलेलं नाही. बैरुतमध्ये आयुष्य काढलेल्या जलालियान या आर्मेनियन माणसाचं तर मी आधी नावही ऐकलं नव्हतं. आता त्याच्या 'त्रे चिक्ली' या पियानो रचनेवाचून माझी सकाळ सुरू होत नाही.

सुरुवातीला पाच मिनिटांचा तक्सीम वाजवायचा विचार आहे. तक्सीम म्हणजे आपल्या आलापासारखा, ठेक्याशिवाय एकेक सूर उलगडत नेणारा. अडचण तिथेच आहे. मी बयाती मकाम निवडला (मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखा, अरबी संगीतातला). त्यातला दुसरा सूर कोमल रिषभ आणि शुद्ध रिषभ यांच्या मधोमध लागतो. डी हा षड्ज धरला तर तो 'ई'च्या थोडा खाली येतो. पियानोवर तो नाहीच! मी लहानपणी पेटी शिकलेय, त्यामुळे पट्टीत न मावणाऱ्या सुराची हळहळ नवी नाही. पण पेटीवर निदान गायक सोबत असतो, तो सूर त्याच्या गळ्यातून येतो. इथे मी एकटीच.

बैरुतच्या अब्दल्ला शाहीननं याच कारणासाठी पाव सूर (म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मधले सूर) वाजवता येतील असा पियानो १९५०च्या दशकात व्हिएन्नात घडवून घेतला होता. त्याआधी वदी सब्रानंही असे प्रयोग केले होते. लेबनॉनच्या राष्ट्रगीताची चाल याच सब्राची. एवढी माणसं ज्याच्यामागे लागली तो सूर मी नुसता गाळून टाकू का? माझ्या पियानोतले सगळे 'ई' आणि 'बी' तात्पुरते अर्ध्या कोमलवर उतरवून घेतले तर चालेल का? आणि जलालियान, सुक्कर यांचं नोटेशन कुठे मिळेल? लवकर कळवा, प्लीज.

प्रतिसाद १

पियानोला हात लावू नका. ई आणि बी सगळ्या सप्तकांत उतरवायचे म्हणजे चाळीसेक तारा सैल करायच्या, बैठक झाली की परत ताणायच्या. त्यानंतर पियानो कित्येक आठवडे सुरात ठरत नाही. शिवाय तुम्ही सांगितलेले रचनाकार नेहमीच्या पियानोसाठीच लिहीत होते. तुम्ही ई उतरवलात तर त्यांच्याच रचना बेसूर होतील. त्यापेक्षा मकाम बदला. नहावंद, कुर्द, हिजाज, अजम हे पियानोच्या पट्ट्यांवर बसतात. बयाती, रास्त, सिकाह बसत नाहीत.

नोटेशनचं म्हणाल तर सब्रा १९५२ साली गेला. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे त्याच्या रचना आता खुल्या आहेत. फुलेहान अमेरिकेत बरीच वर्षं होता, १९५३ ते १९६० बैरुतच्या कॉन्झर्व्हेटरीचा (संगीत विद्यालयाचा) संचालकही होता. त्याच्या रचना अमेरिकेत छापल्या गेल्यात, तिथे कुणी ओळखीचं शिकत असेल तर विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात बघायला सांगा. जलालियान २०११ साली गेला, त्याच्यासाठी बैरुतच्या कॉन्झर्व्हेटरीला सरळ ईमेल करा.

प्रतिसाद २

मी पेटीवाला, पियानोतलं कळत नाही. पण मधला सूर मिळावा म्हणून कोमल आणि शुद्ध अशा दोन्ही पट्ट्या एकदम दाबायचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. तो ऐकू नका, कानाला नुसती टोचणी लागते.

हिजाजमध्ये कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार आहे ना? मग आपला सकाळचा राग भैरव आठवा. भैरवाचा आंदोलित रिषभ पेटीवर कुठे येतो? आम्ही षड्जाचा कण (ओझरता स्पर्श) देऊन रिषभावर जातो आणि त्यावर मुक्काम न करता परत षड्जावर येतो. उरलेलं काम ऐकणाऱ्याचा कान करतो. डॉ. विद्याधर ओक यांची बावीस श्रुतींची पेटी ऐकली असेल तर सूर जागेवर असला की काय होतं ते तुम्हाला माहीत असेलच. पण ती जवळ नसताना कण हाच आधार. डाव्या हातानं खर्जातला षड्ज धरून ठेवा, तो विरला की पुन्हा द्या. षड्ज कानात मुरलेला असला की रिषभ आपोआप खाली ओढल्यासारखा वाटतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बयाती सोडला. काल रात्री डी हा षड्ज धरून हिजाज वाजवला. खर्जातला डी, पेडल अर्धंच दाबलेलं, आणि रिषभावर प्रत्येक वेळी डीचा कण. पहिल्या दहा मिनिटांत काही जमेना. मग रिषभावरचा मुक्काम अर्ध्यावर आणला आणि एकदम आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भैरव कशाला गं या वेळी?" रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

बैरुतला ईमेल केलीय, उत्तराची वाट बघतेय. तोवर सुक्करचे चार भाग सीडीवरून कानानंच उतरवायला घेतलेत. जलालियानच्या सुरांच्या उड्या मात्र कानानं पकडता येत नाहीत, त्यासाठी कागदच हवा. पुण्या-मुंबईत कुणाकडे 'त्रे चिक्ली'ची प्रत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. मी येऊन बघून जाईन, घरी न्यायला नाही दिलीत तरी चालेल.