पीएचसीतली बाळंतपणं बंद करून सगळी तालुक्याला न्यावीत का?

घाटावरचा:
थेट मुद्द्यावर येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) गरोदर बाईची तपासणी व्हावी, धनुर्वाताची इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या मिळाव्यात, पण बाळंतपण तिथे करू नये. तिथे सिझर होत नाही, रक्त नाही, भूलतज्ज्ञ नाही. बाळंत झाल्यावर अंगावरून जास्त रक्त जायला लागलं की हातात फार तर तास-दोन तास असतात, आणि ते गाडीतच संपतात. महिन्याला चार-दोन बाळंतपणं करणाऱ्या सिस्टरचा हातही बसत नाही. त्यापेक्षा ग्रामीण नाहीतर उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ पूर्णवेळ ठेवा. आता रस्ते झालेत, १०८ आहे, १०२ आहे.

सातपुड्याची:
रस्ते झालेत? एकदा पावसाळ्यात नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे या. पाड्यावरून बाईला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात, आणि गाडीचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. नर्मदेच्या बॅकवॉटरच्या गावांना तर दवाखानाच बोटीतून जातो. तिकडे गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. पीएचसीतली लेबर रूम बंद केली म्हणून ही बाई तालुक्याला जाणार नाही. ती घरी बाळंत होईल, सुईणीच्या हाताने.

घाटावरचा:
डोंगरी भाग वेगळा, मान्य. मी सातारा-सांगली-नगरबद्दल बोलतोय. तिथे कुठली झोळी?

उपकेंद्रवाली:
मी एएनएम आहे, म्हणजे उपकेंद्रातली नर्स, म्हणून राहवत नाही. हात बसत नाही म्हणता, तर कामं कमी न करता प्रशिक्षण वाढवा. बाळ बाहेर आलं की जास्त रक्त जाऊ नये म्हणून मिनिटाभरात ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन द्यायचं, बाईला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच रेफर करायचं, हे आम्हाला येतं. खरी अडचण आधीची आहे. बाई पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला येते. एचबी (हिमोग्लोबिन) ६.८, म्हणजे फारच कमी. लोहाच्या गोळ्या दिल्या की म्हणते, मळमळतं, शौचाला काळं होतं. सासू म्हणते, गोळ्यांनी बाळ मोठं होईल, मग सिझर होईल. सहा महिन्यांच्या गोळ्या, त्यातल्या निम्म्या पत्र्याच्या डब्यात. कार्डावर मात्र ‘दिल्या’. तपासणी म्हणजे गोळ्या वाटणं नाही, त्या पोटात गेल्या का ते बघणं, आणि ते आशाताईच बघते.

घाटावरचा:
ताई, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण तुम्ही माझंच म्हणणं पक्कं करताय. ६.८ एचबीची बाई पीएचसीत बाळंत व्हायलाच नको.

उपकेंद्रवाली:
अहो, ती तर आम्ही पाठवतोच. वाढलेलं बीपी, जुळं, आधीचं सिझर, उंची कमी, सगळ्या जोखमीच्या बायका पुढेच जातात. पण अंगावरून जास्त जाणार हे दर वेळी आधी कळत नाही. धडधाकट बाईलाही होतं, आणि तेव्हा जवळ कोणीतरी लागतं.

घाटावरचा:
‘कोणीतरी’ लागतं हे बरोबर, पण रक्तपिशवी असलेलं कोणीतरी.

दोन_लेकरांची_आई:
माझं पहिलं पीएचसीत, दुसरं तालुक्याला. पीएचसीत सिस्टर रात्रभर जवळ होती. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एका कॉटवर आम्ही दोघी, आणि ‘ओरडू नको’ म्हणून मावशीची दमदाटी. ‘सगळ्या तालुक्याला न्या’ म्हणताना तिथल्या कॉटा मोजल्यात का? ४८ तास ठेवायचं असतं, मला दुसऱ्या दिवशी सकाळीच जायला सांगितलं. घरी सोडायला गाडी फुकट असते (जननी-शिशु सुरक्षा, २०११ पासून), पण मागायला लागते. मागितली तेव्हा आली.

मुंबईकर:
सगळ्यांनी इकडे खासगी दवाखान्यांत काय होतंय तेही बघावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशभरात खासगीत ४७.४ टक्के सिझर, सरकारीत १४.३. खासगीत गुंतागुंतीच्या केसेस जास्त जात असतील, पण इतका फरक त्याने भरून निघत नाही. पीएचसी बंद केली की लोक तालुक्याच्या सरकारीत कमी, समोरच्या नर्सिंग होममध्ये जास्त जातील.

घाटावरचा:
हा मुद्दा वजनदार आहे. तरी सांगतो, महाराष्ट्राचं माता मृत्यूचं प्रमाण २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आलं (देशाचं ९७), त्यात बाळंतपणं दवाखान्यात होण्याचा मोठा वाटा आहे. आता उरलेले मृत्यू रक्त आणि तज्ज्ञ नसल्याने होतात, असं माझं मत आहे.

सातपुड्याची:
मग माहेरघरं वाढवा ना. आदिवासी भागात पीएचसीच्या आवारात बाई दिवस भरत आले की आधीच येऊन राहते, सोबत घरची एक बाई. पण घरी गुरं, धाकटी पोरं आणि रोजची मजुरी सोडून कोण येणार? त्या बाईच्या बुडालेल्या रोजाचे पैसे वेळेवर द्या, मग तुमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारातही माहेरघर बांधा, मी पहिली सही करते.

घाटावरचा:
ते चालेल. पण आधी रुग्णालयाच्या दारात माहेरघर, मग पीएचसीची लेबर रूम बंद, हाच क्रम ना?

उपकेंद्रवाली:
माहेरघर बांधा, पण लेबर रूमला हात लावू नका. महिन्याच्या ९ तारखेला या कुणीतरी, सुरक्षित मातृत्वाच्या तपासणीला. स्त्रीरोगतज्ज्ञ येणार म्हणून बायका सकाळपासून बसतात, आणि गेल्या वेळी ते दुपारी दोनला आले. मग बोलू.