कन्स्ट्रक्टरला टेस्ट नकोत? अजिबात पटलं नाही

रात्रपाळी:
खटपट्या यांनी काल लिहिलं की जावास्क्रिप्टमध्ये कन्स्ट्रक्टर फंक्शनला (‘न्यू’ लावून नवा ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन) युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा तपासणारी टेस्ट) लिहूच नयेत. आत म्हणे नुसत्या व्हॅल्यूंच्या नेमणुका असतात, त्यात तपासायचं काय? वाचून राहवलं नाही. जुन्या कोडमध्ये कुणी ‘न्यू’ लिहायचं विसरलं आणि स्ट्रिक्ट मोड (भाषेचे कडक नियम) नसला, की ‘धिस’ म्हणजे नवा ऑब्जेक्ट नव्हे, थेट ग्लोबल ऑब्जेक्ट, सगळ्या कोडचा सामायिक. एरर नाही, काही नाही. ब्राउझरमध्ये व्हॅल्यू विंडोला, म्हणजे त्या ग्लोबल ऑब्जेक्टला, चिकटतात आणि हातात अनडिफाइन्ड, म्हणजे काहीच नाही, असं येतं. शिवाय प्रोटोटाइपवर (सगळ्यांचा सामायिक साचा) ठेवलेला अ‍ॅरे, म्हणजे यादी, सगळ्या इन्स्टन्समध्ये (‘न्यू’ने बनवलेल्या ऑब्जेक्टमध्ये) एकच असतो. आमच्या नोड सर्व्हरवर एका ग्राहकाच्या कार्टमध्ये दुसऱ्याच्या वस्तू दिसायला लागल्या त्या यामुळेच. दोन इन्स्टन्स बनवा, एकात पुश करा, दुसरा रिकामा राहिला का बघा. एवढी टेस्ट असती तर मध्यरात्री फोन आला नसता.

खटपट्या:
अहो, ही कार्टची टेस्ट झाली, कन्स्ट्रक्टरची नव्हे. आणि २०१५ पासून भाषेत त्याच कामासाठी क्लास आहे. ‘न्यू’ विसरलात तर टाइपएरर येतो. भाषेनेच मिटवलेलं भांडण कशाला उकरता?

कोकणकन्या:
क्लास आला म्हणून जुना कोड आपोआप बदलत नाही. आमच्याकडे अजून फंक्शनच आहेत, हात लावायची परवानगी नाही.

चहाबाज:
खरा रोग कव्हरेजचा (टेस्टमध्ये किती टक्के कोड चालला त्या मोजणीचा) आहे. वरून ८० टक्क्यांची अट येते, मग पोरं ‘न्यू’ करून टूबीडिफाइन्ड (व्हॅल्यू अनडिफाइन्ड नाही ना, एवढंच बघणारी तपासणी) लावतात. ‘न्यू’ एकतर ऑब्जेक्ट देतं, नाहीतर एरर फेकतं. ही टेस्ट त्या ओळीवर फेल होणारच नाही! वर रिव्ह्यूत कौतुक.

सांगलीकर:
कव्हरेजला शिव्या देणाऱ्यांचाच कोड नंतर मी निस्तरतो. अट नसती तर एकही टेस्ट लिहिली नसती तुम्ही लोकांनी.

चहाबाज:
‘तुम्ही लोकांनी’ म्हणजे कोणी? माझा कोड पाहिलात कधी? निरुपयोगी टेस्टपेक्षा टेस्ट नसलेली परवडली, निदान खोटा भरवसा तरी नाही.

सांगलीकर:
मग चांगली लिहा ना! अट काढा हे उत्तर कसं?

रात्रपाळी:
कव्हरेजचा वेगळा धागा काढा. टूबीडिफाइन्डबद्दल मात्र चहाबाज बरोबर आहेत. जेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या टूलमध्ये टूईक्वल ही तुलनेची तपासणीही टाइप बघत नाही. साधं ऑब्जेक्ट लिटरल (थेट कंसात लिहिलेला ऑब्जेक्ट) आणि तुमचा इन्स्टन्स त्याला सारखेच. टूस्ट्रिक्टईक्वल वापरा.

खटपट्या:
ठीक आहे, प्रोटोटाइपवर बदलता डेटा असेल तिथे टेस्ट लिहा, एवढं मान्य. नेमणुकांना मी लिहिणार नाही, आणि रिव्ह्यूत मागितल्यात तर तिथेही भांडेन.

रात्रपाळी:
भांडा. पण ‘न्यू’शिवाय बोलावण्याची टेस्ट सोडू नका. आणि टेस्टमध्ये फाइल ईएस मॉड्यूल (जावास्क्रिप्टची नवी फाइल-पद्धत) म्हणून लोड झाली तर स्ट्रिक्ट मोड आपोआप लागतो. तिथे टाइपएरर दिसेल, आणि साध्या स्क्रिप्ट टॅगने पानावर आलेला तोच कोड ग्लोबलमध्ये सांडत राहील. प्रॉडक्शनमध्ये जसा लोड होतो, तसाच टेस्टमध्ये लोड करा.