टायर बदलायचे आहेत: जास्त चालणारा घ्यायचा की पावसात धरणारा?

गगनबावडा_मार्गे

गाडी स्विफ्ट, मापाचा टायर १८५/६५ आर १५, रनिंग वर्षाला ९ हजार किलोमीटरच्या आसपास. निम्मं राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव. उरलेलं बहुतेक सासुरवाडीचं, म्हणजे गगनबावड्यावरून भुईबावडा घाट उतरून वैभववाडी.

चारही टायर बदलायला झालेत. शाहूपुरीत दोन दुकानं फिरलो. दोन्हीकडे पहिलं वाक्य एकच: "हा घ्या, ८० हजार जातोय." माझं म्हणणं असं की कोल्हापुरात राहून पावसाळ्यात घाट उतरणाऱ्यानं टायर किती जातोय हे दुसऱ्या नंबरला विचारावं. ओल्या रस्त्यावर तो थांबतो कसा, हे आधी.

पंधरा दिवसांपूर्वी भुईबावड्यात पहिला मोठा पाऊस लागला. दुसरा गिअर, वेग फार तर ३०. वळणावर समोरून एसटी आली. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस (ब्रेकमध्ये चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरलं, स्टिअरिंग वळवलेलं असूनही गाडीचं नाक सरळ कठड्याकडे गेलं. दीड हात अंतरावर थांबली. मागं मुलगी झोपलेली होती.

खाली सपाटीला आल्यावर टायर बघितले. नक्षी ४ मिमी शिल्लक. कायद्यानं मोटारीला १.६ मिमी लागते, म्हणजे कागदावर टायर चांगले. पण साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूला, डीओटी लिहिलेल्या कोडच्या ओळीत शेवटचे चार आकडे २२१८, म्हणजे २०१८ सालचा २२ वा आठवडा. रबरात अंगठ्याचं नख रोवून बघितलं, उमटलंच नाही. नक्षीच्या तळाला केसासारख्या चिरा.

हेही त्या वेळी "८० हजार जातोय" म्हणूनच घेतलेले. कोरोनात दोन वर्षं गाडी दारात उभी होती, त्यामुळं आजवर ५० हजार झाले. दुकानदार खोटं बोलला नव्हता. पण माझ्या रनिंगला ते ८० हजार पुरे होईपर्यंत रबर वयानंच मेलेलं असणार. मग जे किलोमीटर मी कधी वापरणारच नाही, त्यासाठी पकड का सोडायची?

शिरोली_ते_स्वारगेट

मुलगी सुखरूप आहे हे महत्त्वाचं. पण निदान चुकलंय, स्पष्ट सांगतो. तुमचा टायर घसरला तो टिकाऊ होता म्हणून नव्हे, म्हातारा होता म्हणून. सात वर्षांचा मऊ, म्हणजे पकडीवाला, टायर असता तरी त्याचं तेच झालं असतं.

माझं रनिंग वर्षाला २८ हजार, जवळजवळ सगळं पुणे हायवेला. मागचा मऊ सेट २२ हजारांचा होता, ४५ हजारांत संपला. किलोमीटरला ४९ पैसे. आताचा टिकाऊ सेट २० हजारांचा, ७० हजारांचा अंदाज धरा, २९ पैसे. वर्षाला साडेपाच हजारांचा फरक पडतो. नोकरदार माणसाला ही रक्कम दिसते.

आणि पैशाचं सोडा. मऊ टायर माझ्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात ३ मिमीवर आलेला होता. किणी ते पेठ नाका पट्ट्यात पाणी साचलेलं, वेग ८०. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, गाडी पाण्यावर तरंगली. टायरखालचं पाणी बाहेर काढायचं काम नक्षीच्या खोलीचं आहे, रबराच्या मऊपणाचं नाही. आज माझ्या टिकाऊ टायरवर तेवढ्याच रनिंगला साडेपाच मिमी आहे. आता सांगा, पावसात कोण सुरक्षित?

गगनबावडा_मार्गे

तरंगण्याचा मुद्दा सोळा आणे खरा, तो मी धरलाच नव्हता. आणि वयाचंही मान्य.

पण तुमचं ओलं आणि माझं ओलं वेगळं आहे. हायवेवर साचलेलं पाणी आणि वेग, तिथं खोली लागते. घाटात पाणी वाहून जातं, राहतो तो पातळ थर, त्यात शेवाळ, माती, ट्रकमधून गळलेलं डिझेल. वेग ३०. तिथं तरंगायचा प्रश्नच येत नाही. रबर खडीच्या बारीक खडबडीत शिरून बसलं तर धरतं, नाहीतर घसरतं, आणि ते रबराच्या मिश्रणावर ठरतं. सिलिका (रबरात मिसळतात ती पूड) जास्त असलेलं रबर ओल्यात चांगलं धरतं, हे टायरवालेच सांगतात.

तुमचे २० पैसेही बघू. पेट्रोलला किलोमीटरला ६ रुपये जातात. त्यापुढं ९ हजार रनिंगला माझा फरक वर्षाला १८०० रुपये. घाटातल्या एका वळणासाठी मी तेवढे देईन.

पिटातला_माणूस

सोळा वर्षं अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन सरळ लावायच्या) पिटात काढली, म्हणून दोघांनाही सांगतो. तुम्ही ज्या ४५ आणि ७० हजारांवर भांडताय, तो आकडा हवेवर अवलंबून आहे. ३३ सांगितलेली असताना गाड्या २४-२५ वर येतात. कमी हवेनं टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त हवेनं मधला पट्टा. कागल-मुरगूडकडच्या गाड्यांना तर खड्ड्यानं अलाइनमेंट गेलेली असते. बाहेरून नक्षी नवी दिसते आणि आतली कड तारेपर्यंत गेलेली. मालकाला खाली बोलावून हात लावून दाखवावं लागतं.

काही टायरवर ट्रेडवेअर लिहून तीन आकडी अंक असतो. ती अमेरिकेची पद्धत. १०० च्या टायरपेक्षा ४०० चा चाचणीत चौपट चालला, असा अर्थ. पण अंक ज्याची त्याची कंपनी देते, त्यामुळं एका कंपनीच्या दोन टायरांची तुलना करा, दोन कंपन्यांची नको.

अजून एक. दोनच नवे घेणार असाल तर नवे मागं टाका. सगळे पुढं टाकायला सांगतात, कारण पुढचे लवकर झिजतात. पण मागचे गुळगुळीत असले की ओल्या वळणावर गाडीचं ढुंगण फिरतं, आणि ते साध्या चालवणाऱ्याला सावरत नाही.

शिरोली_ते_स्वारगेट

हवेचं पटलं. मी दर पंधरा दिवसांनी सकाळी गार टायरवर बघतो, टिकाऊपणाचं निम्मं श्रेय त्याला.

पण @गगनबावडा, टिकाऊ म्हणजे घसरणारा हे गृहीत अजून सोडत नाही तुम्ही. २०२२ साली रस्ते मंत्रालयानं एआयएस १४२ या टायरांच्या मानकाची अधिसूचना काढली. ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा अडथळा) आणि आवाज, तिन्हींची अट नव्या टायरांना आली. टिकाऊ टायरही त्यातून पास होऊनच येतो.

गगनबावडा_मार्गे

पास होणं म्हणजे किमान मर्यादा गाठणं. मला किमानवर घाट उतरायचा नाही. तुमच्या रनिंगला तुमची निवड बरोबर आहे, ती मी बदलायला सांगणार नाही. पण वर्षाला ९-१० हजार चालणाऱ्याला दुकानदार तोच टायर पुढं करतो, त्याला माझा विरोध आहे. "रनिंग किती, जाता कुठं" हे त्यानं आधी विचारावं.

कागलची_लेक

मी दोन्हीकडची. रोज हायवे, महिन्यातून एकदा आंबा घाटानं रत्नागिरी. काय घेऊ?

पिटातला_माणूस

ताई, तुम्ही मधला घ्या, ओल्या पकडीवर विकला जाणारा पण स्पोर्टी नव्हे. आणि १.६ ची वाट बघू नका, ३ मिमीला मे महिन्यातच बदला. मापात लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर गाडीच्या दारावरच्या पट्टीपेक्षा कमी घेऊ नका. ८८ एच लिहिलं असेल तर ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१०. स्वस्तात खालचा गळ्यात मारतात.

गगनबावडा_मार्गे

शनिवारी चारही बदलतोय, पकडीवालेच. सहा महिन्यांपेक्षा जुनी तारीख निघाली तर परत फिरणार.

शिरोली_ते_स्वारगेट

मी पुढच्या वेळीही टिकाऊच घेणार. पण तुमचं वाचून आत्ता पार्किंगमध्ये जाऊन डिकीतली स्टेपनी काढली. एकदाही रस्त्याला न लागलेली, नक्षी कोरी करकरीत. तारीख ३११५. उद्या सकाळी पहिली ती बदलतो.