निफ-एच म्युटंट, तरी इथिलीन येतंच आहे. मदत हवी आहे

जांभळी_कुपी: ऱ्होडोबॅक्टर कॅप्स्युलेटस या प्रकाशावर वाढणाऱ्या जिवाणूचं निफ-एच जनुक (नायट्रोजन वायू वापरणाऱ्या नायट्रोजिनेज एन्झाइमच्या एका भागाचं) मधे कॅनामायसिन-रेझिस्टन्सची कॅसेट घालून तोडलं आहे. नुसत्या नायट्रोजन वायूवर वाढायला नको, तरी सावकाश वाढतोय. ॲसिटिलीन चाचणीत (नायट्रोजिनेज चालू असेल तर ॲसिटिलीनचं इथिलीन होतं) इथिलीनही येतं, मूळ स्ट्रेनपेक्षा बरंच कमी. पीसीआर बरोबर आलाय. सोमवारी गाइडना आकडे द्यायचेत, लवकर सांगा.

दुहेरी_क्रॉसओव्हर: पीसीआर कुठल्या प्रायमरने? कॅसेटच्या आतले असतील तर काहीच सिद्ध होत नाही. सिंगल क्रॉसओव्हर (अदलाबदल एकाच बाजूने) झाला असेल तर कॅसेट आणणारं अख्खं प्लाझमिड गुणसूत्रात बसतं आणि धड निफ-एच शेजारीच राहतं. प्लाझमिडचं टेट्रासायक्लिन-रेझिस्टन्स गेलंय का तपासा. टेट्रासायक्लिनची प्लेट अंधारात, हवेत ठेवा. उजेडात टेट्रासायक्लिन तुटतं आणि निकाल फसवा येतो.

जीटीए_समर्थक: प्लाझमिड हवंच कशाला? या जिवाणूत जीटीए (जीन ट्रान्सफर एजंट, डीएनए एका पेशीतून दुसरीत नेणारा विषाणूसारखा कण) आहे. सुमारे 4 किलोबेसचा सरळ तुकडा जातो, सिंगल क्रॉसओव्हरचा प्रश्नच मिटतो.

दुहेरी_क्रॉसओव्हर: कॅसेट आणि दोन्ही बाजूंचे तुकडे त्या 4 किलोबेसमध्ये मावायला हवेत. शिवाय त्यांचा म्युटंट तयार आहे हो, प्रश्न इथिलीनचा आहे.

टंगस्टन: दिवा कोणता? पांढऱ्या एलईडीत 800 ते 880 नॅनोमीटरचा, म्हणजे या जिवाणूला लागणारा, उजेड जवळजवळ नसतो. साधा टंगस्टन बल्ब लावा.

अनफ_वाचक: दिव्याने वाढ मंदावेल, म्युटंटमध्ये इथिलीन कसं येईल? पेशी नसलेली कुपी चालवली का? कार्बाइडपासून केलेल्या ॲसिटिलीनमध्ये इथिलीन आधीच असतं. पण वाढही होतेय, म्हणून खरा प्रश्न हा: माध्यमात मॉलिब्डेट (मॉलिब्डेनम धातूचा क्षार) किती?

जांभळी_कुपी: कोरी कुपी स्वच्छ. प्रायमर जनुकाबाहेरचे, एकच मोठा पट्टा, म्हणजे धड निफ-एच उरलेलं नाही. टेट्रासायक्लिनवर मरतो. माध्यम आरसीव्ही, मॅलेट 30 मिलिमोलर, अमोनियम नाही. ट्रेस द्रावण नवीन केलं, मॉलिब्डेट संपलं होतं म्हणून नाही घातलं. निफ-एचवर चालणारा मॉलिब्डेनमवाला एन्झाइमच नाही तर ते लागतंच कशाला?

अनफ_वाचक: गाठ इथेच आहे. या जिवाणूकडे फक्त लोखंडावर चालणारा दुसरा नायट्रोजिनेज आहे, अनफ-एचडीजीके. मॉलिब्डेट असलं की मॉप-ए आणि मॉप-बी ही प्रथिनं अनफ-ए (हा दुसरा संच चालू करणारं जनुक) दाबून ठेवतात. नसलं की तो दुसरा संच चालू होतो. त्याला निफ-एच लागत नाही, स्वतःचं अनफ-एच असतं. दोन कुपी लावा: एकीत 10 मायक्रोमोलर सोडियम मॉलिब्डेट, दुसरीत शून्य. पहिलीत वाढ आणि इथिलीन दोन्ही थांबायला हवेत. दुसरीत थोडं इथेनही शोधा, त्याचं स्टँडर्ड जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ) आधी चालवा. मॉलिब्डेनमचा एन्झाइम ॲसिटिलीनपासून इथेन जवळपास देत नाही.

हायड्रोजन_हवा: लोखंडी एन्झाइम हायड्रोजन जास्त सोडतो. हप म्युटंट (हायड्रोजन परत शोषणारा एन्झाइम नसलेला) घ्या, उत्पादन वाढेल.

अनफ_वाचक: इथे हायड्रोजन कोणी विचारला नाही. जांभळी_कुपी, एकही नायट्रोजिनेज न चालणारा स्ट्रेन हवा असेल तर याच म्युटंटमध्ये अनफ-ए काढा, मार्कर स्पेक्टिनोमायसिनचा. तोवर मूळ स्ट्रेनचे आकडेही मॉलिब्डेट घातलेल्या माध्यमात पुन्हा घ्या, नाहीतर सोमवारची तुलना उभी राहणार नाही.