फाइंड, फाइंड आउट, फिगर आउट

इंग्रजीतले 'फाइंड' आणि 'फाइंड आउट' एकच धरले, तर गफलत होते. हरवलेली किल्ली 'फाइंड' करतात, 'फाइंड आउट' करतात ती माहिती. 'आय फाउंड आउट माय कीज' सरळ चूक. चौकशीच्या खिडकीवर विचारून गाडीची वेळ कळली, तर 'फाइंड आउट'. वेळापत्रक ताडून गाडी कुठे बदलायची हे डोकं लढवून काढलं, तर 'फिगर आउट'. 'असर्टेन' म्हणजे शहानिशा करणं; अहवालात शोभतं, गप्पांत फारच पुस्तकी. 'डिटेक्ट' सहसा सहज न जाणवणाऱ्या गोष्टीसाठी, उदाहरणार्थ गॅसगळती.

आपल्याकडचं लाडकं 'आय केम टु नो' मात्र जपून वापरा. इंग्लंड-अमेरिकेत त्यात हळूहळू ओळख होत गेल्याची छटा असते. बातमी नुसती कळली असेल, तर 'आय फाउंड आउट' किंवा 'आय हर्ड'.