ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं साडेसात लाखांचं एस्टिमेट: असेंब्ली बदलायला 'हो' म्हणण्याआधी काय तपासून घ्यावं? (नाशिक)

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे आणि जरा तातडीची आहे. गाडी सध्या इथल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये उभी आहे. पुढच्या आठवड्यात मला त्यांना हो किंवा नाही सांगायचं आहे.

गाडी जर्मन लक्झरी सेडान, २०१६ चं मॉडेल, डिझेल, रिअर व्हील ड्राइव्ह, ८ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक. जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडून गेल्या वर्षी घेतली. रनिंग ९४ हजार. कंपनीची वॉरंटी केव्हाच संपलेली. सर्व्हिस रेकॉर्ड मात्र पहिल्यापासूनचं आहे; इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक सगळं वेळेवर झालेलं. गिअरबॉक्स ऑइलची नोंद तेवढी एकाही बिलात नाही. घेतल्यावर पहिल्याच सर्व्हिसिंगला मी विचारलं होतं. 'ते लाइफटाइम असतं, बदलायचं नसतं' असं सांगितलं गेलं.

त्रास असा सुरू झाला. सकाळी गाडी गार असताना सिग्नलला थांबायच्या बेतात आलं की, दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना झटका बसायचा. गरम झाली की कमी व्हायचा. नंतर महामार्गावर ७०-८० च्या वेगाने, पाय ॲक्सिलरेटरवर हलका ठेवून चालवताना, गाडी रम्बलरच्या पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथरायला लागली. जरा जास्त पाय दिला की थरथर गायब. टायर बॅलन्सिंग केलं, काही फरक नाही.

मग मुंबईहून येताना कसारा घाट चढून वर आलो आणि इगतपुरीजवळ स्क्रीनवर ट्रान्समिशनचा इशारा आला. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. मागे आई-बाबा बसलेले, पाठीमागून कंटेनर येतायत. कशीबशी कडेला घेतली. बंद करून दहा मिनिटांनी चालू केली तर नीट चालली. विल्होळी ओलांडली आणि पुन्हा तेच. यावेळी थांबल्यावर डी पण पडेना आणि रिव्हर्स पण पडेना. फ्लॅटबेड मागवून गाडी सर्व्हिस सेंटरला नेली.

एस्टिमेट आलं ते पूर्ण गिअरबॉक्स असेंब्लीचं. ऑइल, लेबर, कोडिंग (नवा भाग गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळवणं), जीएसटी धरून साडेसात लाखांच्या आसपास. गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. आत नक्की काय बिघडलं आहे असं विचारलं तर 'आम्ही गिअरबॉक्स उघडत नाही, असेंब्लीच बदलतो' एवढंच उत्तर. मला याचा मनापासून त्रास होतोय. पैसे जातील ते जातील, पण काय बिघडलं हे कोणी सांगायलाच तयार नाही आणि एवढा मोठा आकडा समोर ठेवतात.

तर जाणकारांनी कृपया सांगा: असेंब्लीला होकार देण्याआधी कोणत्या तपासण्या करून घेता येतील? ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाहेर ओव्हरहॉल करून घेणं भरवशाचं असतं का? विम्यातून किंवा ज्या डीलरकडून गाडी घेतली त्याच्याकडून काही मिळू शकतं का?

सिडकोवासी

एस्टिमेटवर सही करू नका. माझ्या भावाच्या गाडीला असंच असेंब्ली सांगितली होती, शेवटी निघाली वायरिंगची पिन. तुमचं तसंच असेल असं म्हणत नाही, पण गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड आधी मागा.

अंबड_हायड्रॉलिक्स

दादा, 'गिअरबॉक्स गेला' हे निदान नव्हे. तुमच्या गाडीतल्या ८ स्पीडच्या डब्यात ढोबळमानाने तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा), मध्ये प्लॅनेटरी गिअर आणि क्लच पॅक, आणि खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइलच्या ट्रेमध्ये, ऑइलात बुडालेलं मेकॅट्रॉनिक, म्हणजे ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणारे व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड आणि त्यांचा कंट्रोल युनिट एकत्र. यातलं नेमकं काय गेलं यावर खर्च काही हजारांपासून काही लाखांपर्यंत बदलतो.

कोडचा प्रिंटआउट लेखी मागा, आणि नुसता पी०७०० मिळाला तर समाधान मानू नका. त्याचा अर्थ फक्त 'ट्रान्समिशनच्या युनिटमध्ये काहीतरी नोंद आहे' इतकाच. त्याच्या पाठीमागचा कोड महत्त्वाचा. पी०७३० च्या घरातला असेल तर गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे क्लच स्लिप होतोय किंवा प्रेशर कमी आहे. पी०७४१ असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच. सोबत फ्रीझ फ्रेम मागा: कोड पडला तेव्हा वेग किती, ऑइलचं तापमान किती, बॅटरीचं व्होल्टेज किती. बॅटरी कमजोर असली तरी या गाड्या ट्रान्समिशनचे भलतेच कोड दाखवतात, म्हणून ती आधी तपासून घ्या. बॅटरी ही पूर्ण तपासणीतली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

तुमची ७०-८० ला येणारी थरथर, जास्त पाय दिला की जाणारी, ही लॉक-अप क्लचची अगदी ठरलेली खूण आहे. हलक्या लोडवर लॉक-अप थोडा सरकत चालतो, ऑइल जुनं झालं की तो नीट सरकत नाही, पकडतो-सोडतो, पकडतो-सोडतो. जास्त पाय दिला की तो पूर्ण सुटतो आणि थरथर थांबते.

दुसरं, ऑइलची पातळी. या गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल साधारण ३० ते ५० अंशांच्या मध्ये असताना, फिलर प्लगमधून पातळी पाहतात. मेकॅट्रॉनिकचा वायरिंग कनेक्टर जिथून बाहेर येतो तिथे एक प्लास्टिकची स्लीव्ह असते. तिची रबरी सील कडक होतात आणि ऑइल हळूहळू झिरपतं. खाली प्लास्टिकचं कव्हर असतं, त्यामुळे पार्किंगमध्ये डाग पडत नाही आणि मालकाला पत्ता लागत नाही. ऑइल कमी असलं की घाटाच्या चढावर पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं, गाडी सुरक्षेसाठी एकाच गिअरमध्ये जाते. तुमचं घाटातून वर येताना झालं, यावरून मला आधी हाच संशय आहे.

तिसरं, चेंबर उघडताना स्वतः हजर राहा. आत लोहचुंबक असतात. त्यांवर राखाडी, बोटाला लोण्यासारखी लागणारी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण, काडीसारखे तुकडे दिसले तर गिअर किंवा बेअरिंग. काळा भुसा असेल तर क्लचचं अस्तर. ऑइल गुलाबी-दुधाळ दिसलं तर ऑइल थंड करणाऱ्या कूलरमधून कूलंट शिरलंय. मग क्लचचं अस्तरच पाण्याने सुटतं आणि ओव्हरहॉलशिवाय गत्यंतर नाही.

जुना_ड्रायव्हर

९० हजारांनंतर ऑटोमॅटिकचं ऑइल कधी बदलू नये. बदललं की गिअरबॉक्स बसतो. आमच्या ओळखीत दोघांचा बसला.

अंबड_हायड्रॉलिक्स

काका, हे सगळीकडे ऐकू येतं म्हणून सविस्तर लिहितो. ज्याचे क्लच आधीच झिजलेत तो गिअरबॉक्स ऑइल बदलल्यावर बसला असं दिसतं, कारण लोक त्रास सुरू झाल्यावरच ऑइल बदलायला नेतात. दोष नव्या ऑइलचा नसतो. अनेक युरोपीय कंपन्यांना असे ८ स्पीड गिअरबॉक्स पुरवणाऱ्या झेडएफची स्वतःची शिफारस ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं अशी आहे. म्हणजे गिअरबॉक्स बनवणारा 'बदला' म्हणतो आणि सर्व्हिसवाले 'लाइफटाइम' म्हणतात. मालकाने बनवणाऱ्याचं ऐकावं. मशीन लावून प्रेशरने फ्लश मारू नका एवढं मात्र खरं. साधं ड्रेन करून भरावं. धागाकर्त्याच्या गिअरबॉक्सच्या प्रकारात चेंबर आणि फिल्टर बहुतेकदा एकच प्लास्टिकचा भाग असतो, तो पूर्ण नवा टाकायचा.

गंगापूररोड_ॲडव्होकेट

कायद्याच्या बाजूचं लिहितो. साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड येत नाही. 'इंजिन-गिअरबॉक्स प्रोटेक्ट' सारखं ॲड-ऑन असलं तरी ते बहुतेक वेळा पाणी शिरणं किंवा खालून दगड लागून ऑइल गळणं यापुरतंच असतं. पॉलिसीची शब्दरचना नीट वाचा, आणि चेंबरला खालून मार लागल्याची खूण असेल तर काही उघडण्याआधी फोटो काढून विमा कंपनीला कळवा. उघडल्यानंतर सर्व्हेयर काही मान्य करत नाही.

डीलरचं: खासगी माणसाकडून गाडी घेतली असती तर ग्राहक आयोगात जाणं अवघड होतं. डीलरचा तो धंदा आहे, म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होऊ शकतो. गाडी देताना वॉरंटी लेखी दिली होती का, 'तपासून दिलेली गाडी' अशी जाहिरात किंवा मेसेज आहे का, ते शोधा. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराला नाशिकचा जिल्हा आयोग पुरेसा आहे, तक्रार आपण राहतो तिथे करता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा. पण पुरावा म्हणून तटस्थ तपासणीचा लेखी अहवाल हवाच. गिअरबॉक्स बदलून जुना परत गेला तर सिद्ध करायला हातात काहीच उरणार नाही.

एस्टिमेटमधला जीएसटीही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर १८ टक्के आहे. जुन्या नमुन्यात २८ टक्के राहिला असेल तर दाखवून द्या.

निफाडची_सून

आमच्याकडे अशीच गाडी आहे, द्राक्षाच्या सीझनमध्ये रोज मार्केटला जायची. आमचं मेकॅट्रॉनिक गेलं होतं. इथे असेंब्लीच सांगितली. पुण्यात एका ऑटोमॅटिकच्याच वर्कशॉपमध्ये व्हॉल्व्ह बॉडी आणि सोलेनॉइड रिपेअर करून घेतले, असेंब्लीच्या एक चतुर्थांश खर्चात झालं. गाडी व्यवस्थित चालते आहे.

फक्त वर्कशॉप निवडताना आम्ही काही गोष्टी बघितल्या. गिअरबॉक्स उघडण्याची जागा वेगळी, बंद आणि स्वच्छ आहे का. रिपेअर केलेली व्हॉल्व्ह बॉडी बसवण्याआधी टेस्ट बेंचवर चालवून दाखवतात का. गाडीला कोडिंग तेच करतात की पुन्हा कंपनीकडे पाठवतात. आणि वॉरंटी बिलावर लिहून देतात का, तोंडी नाही. ज्यांनी 'आणा, बघू, होऊन जाईल' असं फोनवर सांगितलं त्यांच्याकडे आम्ही गेलो नाही. स्क्रॅपमधला वापरलेला गिअरबॉक्स कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका ताई/दादा, त्याचं रनिंग कोणालाच माहीत नसतं आणि जुना कंट्रोल युनिट दुसऱ्या गाडीला कोड होईलच असं नाही.

हलवताना फ्लॅटबेडच घ्या. मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर इंजिन बंद असल्याने गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आत वंगण पोचत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

कोडचा प्रिंटआउट लेखी ईमेल केल्यावर मिळाला. पी०७४१ आहे आणि पी०७३० सुद्धा. बॅटरी ठीक निघाली. मी असेंब्लीला नकार कळवला, तपासणीचे पैसे भरले आणि गाडी फ्लॅटबेडने पुण्याला नेली. अंबडच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे चेंबर उघडताना तिथेच उभा राहिलो. खालचं कव्हर काढलं तेव्हा ते आतून तेलकट होतं. कनेक्टरच्या स्लीव्हपासून चेंबरच्या कडेपर्यंत ओघळाची काळी रेघ. निघालेलं ऑइल मोजलं तर जेवढं निघायला हवं त्यापेक्षा बरंच कमी. रंग काळा, जळकट वास. चुंबकांवर राखाडी पेस्ट जाड थराची, पण कण किंवा तुकडे नाहीत. मिस्तरींनी पेस्ट पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात धरून दाखवली, एकही चमक नव्हती. चेंबरला खालून मार नाही, म्हणजे विम्याचा विषय संपला.

त्यांचं म्हणणं: टॉर्क कन्व्हर्टर रिबिल्ड, मेकॅट्रॉनिकची सगळी सील आणि स्लीव्ह नवी, नवं चेंबर-फिल्टर, ऑइल. क्लच पॅकच्या ॲडॉप्टेशन व्हॅल्यू (क्लचच्या झिजेप्रमाणे कंट्रोल युनिटने जुळवून घेतलेले आकडे) त्यांना मर्यादेत वाटतात, त्यामुळे पूर्ण ओव्हरहॉल सध्या नको. खर्च सव्वादोन लाखांच्या आसपास. डीलरच्या मेसेजमध्ये 'इंजिन-गिअरबॉक्स चेक करून' असं स्पष्ट लिहिलेलं सापडलं, वकील साहेबांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

एकच शेवटची शंका. टॉर्क कन्व्हर्टर कापून रिपेअर करून पुन्हा वेल्ड करतात म्हणे. ते सुरक्षित असतं का?

अंबड_हायड्रॉलिक्स

हो, कन्व्हर्टर वेल्ड केलेलाच असतो, त्यामुळे आतला लॉक-अप क्लच बदलायला तो कापावाच लागतो. रिबिल्डची हीच पद्धत आहे. मात्र वेल्डनंतर बॅलन्सिंग, रनआउट (फिरताना डगमगतो का ते) आणि लीक टेस्ट केल्याचं बिलावर लिहून घ्या. हे न करता बसवला तर पुढचं सील आणि पंपाचं बुश खातो. जुन्या ऑइलचा कचरा कूलरमध्ये अडकलेला असतो, तोही धुऊन घ्यायला सांगा, नाहीतर नव्या कन्व्हर्टरमध्ये तोच कचरा फिरेल. निघालेले जुने सुटे भाग आणि ऑइलची एक बाटली सीलबंद करून मागून घ्या, आयोगात कामाला येईल.

गाडी मिळाल्यावर ॲडॉप्टेशन रिसेट केलेलं असेल, म्हणून सुरुवातीला गिअर थोडे अडखळत पडतील. पहिले काही दिवस शहरात आणि महामार्गावर हलक्या पायाने चालवा, सगळे गिअर वर-खाली होऊ द्या. मग हजार किलोमीटरच्या आत पातळी आणि गळती एकदा पुन्हा बघून घ्या, आणि त्यानंतरच घाटात न्या.

गंगापूररोड_ॲडव्होकेट

व्यनि मिळाला. वर्कशॉपच्या लेटरहेडवर, कोड, फोटो, किलोमीटर आणि चासी नंबरसह तपासणी अहवाल घ्या आणि त्यात 'ही गळती बऱ्याच काळापासूनची दिसते' हे त्यांचं निरीक्षण असेल तर ते त्यांच्या शब्दांत येऊ द्या. काम सुरू होण्याआधी डीलरला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवू, म्हणजे त्याला गाडी पाहायची संधी दिली हे रेकॉर्डवर राहील. सोमवारी कागदपत्रं घेऊन या.